चामड्याच्या फ्लाइट जॅकेटवर चित्र, पॅच आणि भरतकाम: सुई लावण्याआधी आणि नंतर

कापडावर टीप चुकली तर उसवायची, पाण्याचा हात फिरवायचा, इस्त्री मारायची. सुईच्या खुणा बुजून जातात. चामड्यावर ही सोय नाही. तिथे पाडलेलं भोक कायमचं. म्हणून फ्लाइट जॅकेट, म्हणजे वैमानिकांच्या घाटाचं चामडी जॅकेट, सजवताना कामाचा क्रम यावरूनच ठरवावा: जे पुसता किंवा काढता येतं ते आधी आणि जे परत फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी. रंग पहिल्या काही मिनिटांत ओल्या बोळ्याने पुसता येतो. पॅच चिकटपट्टीने लावून आठवडाभर आरशात बघता येतो. टीप मात्र एकदाच.

आधी जॅकेट ओळखा

पुण्यात फॅशन स्ट्रीटवर किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ‘लेदर’ म्हणून जे टांगलेलं असतं, त्यातलं बरंचसं रेक्झिन किंवा पी.यू., म्हणजे नकली चामडं असतं. त्याच्यावरही चित्र काढता येतं, पण पद्धत वेगळी, आणि थोड्या वर्षांत वरचा थरच पापुद्र्यासारखा सुटायला लागला की तुमची मेहनतही त्याच्याबरोबर जाते. ओळखायचं कसं? खिशाच्या आत किंवा अस्तराच्या कडेला कुठेतरी चामड्याची न दुमडलेली कड सापडतेच. तिथे मागची बाजू बघा. केसाळ, गुंतलेले तंतू दिसले तर चामडं. कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. वास घेऊन ठरवू नका, वास फवारूनही आणता येतो.

चामडंच असेल तर दुसरी परीक्षा पाण्याची. कॉलरच्या खालच्या बाजूला पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटाभरात मुरला आणि जागा गडद झाली, तर वर संरक्षक थर जवळपास नाही. रंग चांगला धरेल, पण चूक पुसताना डागही धरेल. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर फिनिशचा थर आहे. बाजारातली बहुतेक जॅकेटं या दुसऱ्या प्रकारातली. तो थर उतरवल्याशिवाय त्यांच्यावर रंग टिकत नाही.

घाटही बघून घ्या. अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागाने १९३१ साली स्वीकारलेल्या ए-२ जॅकेटची पाठ एकाच अखंड तुकड्याची असते. दुसऱ्या महायुद्धात पाठीवर मोठाली चित्रं रंगवली गेली ती बरीचशी याच जॅकेटवर, आणि त्याला ही सपाट पाठ हे एक साधं कारण आहे. नौदलाच्या जी-१ला हात पुढे नेता यावेत म्हणून खांद्यामागे चुण्या असतात आणि पाठीत आडवी पट्टी. तिथे मोठं चित्र काढलं तर हात हलला की ते दुमडतं. जी-१वर पॅच शोभतात, चित्र नाही. मेंढीच्या लोकरीसकट कातड्याच्या बी-३ला घरच्या मशीनने हात लावू नये. ती जाडी मशीनला झेपत नाही. आपल्याकडे शिवलेल्या जॅकेटांच्या पाठीला खांद्याजवळ आडवा जोड असतो. चित्र त्या जोडाच्या खालीच संपवा. जोडावरून गेलेला रंग आधी तिथेच तडकतो.

कातड्याच्या जातीनेही फरक पडतो. बकऱ्याच्या कातड्याला दाणा असतो, त्यावर बारीक रेघ तुटक दिसते. मेंढीचं नॅपा मऊ आणि गुळगुळीत, पण ताणलं जातं, म्हणून तिथे रंगाचे थर आणखी पातळ हवेत. घोड्याचं किंवा गायीचं कातडं ताठ असतं. रंगवायला उत्तम, हाताने शिवायला जड.

कुठे काय बसवायचं

जॅकेट टेबलावर पसरून जागा ठरवू नका. अंगात घाला, चेन गळ्यापर्यंत लावा, आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठीवर कागदाचा तुकडा लावायला सांगा. बुलेट चालवणारे असाल तर हात पुढे धरून, हँडल पकडल्यासारखे बसा. पाठीचं चामडं आडवं ताणलं जातं आणि टेबलावर मधोमध वाटलेलं चित्र दोन-तीन सेंटिमीटर वर सरकलेलं दिसतं. बॅकपॅक वापरत असाल तर तिच्या पट्ट्या खांद्यावर आणि तिची पाठ कमरेच्या वर कुठे घासते तेही पाहून ठेवा. त्या भागात रंग नको.

कागद लावायला कमी चिकट असलेली रंगाऱ्याची पट्टी वापरा, तीही आधी कॉलरखाली दोन मिनिटं लावून काढून बघा. साधी पारदर्शक चिकटपट्टी काही फिनिश ओरबाडून काढते.

अक्षरं देवनागरी असतील तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, जी इंग्रजी अक्षरांना लागत नाही: शिरोरेषा. पाठ वरून गोलसर असते. टेबलावर फूटपट्टीने मारलेली सरळ शिरोरेषा अंगावर गेली की दोन्ही टोकांना खाली लोंबल्यासारखी दिसते. एक फूट रुंदीच्या ओळीला टोकांपेक्षा मध्य साधारण अर्धा सेंटिमीटर खाली ठेवला की अंगावर ती सरळ वाटते. नेमका आकडा माणसाच्या खांद्यांवर अवलंबून, म्हणून कागद अंगावर लावूनच ठरवा. रफार, वेलांट्या आणि खालचे उकार धरले की देवनागरी ओळीला इंग्रजीपेक्षा जवळपास दीडपट उंची लागते. हे विसरलं की ‘र्कीं’सारख्या अक्षराची टोपी जोडाच्या शिवणीत घुसते.

पॅचची रीतीची जागा म्हणजे डाव्या छातीवर तुकडीचं चिन्ह, साधारण ४ ते ५ इंचांचं, आणि त्याच्या वर नावाची चामडी पट्टी. डाव्या छातीच्या आत खिसा असतो हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

एक सावधगिरी. पुण्यात एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), सैन्याची दक्षिण कमान, लोहगावचा हवाई तळ सगळंच जवळ असल्यामुळे कॅम्पातल्या दुकानांत सैन्याची चिन्हं सहज मिळतात. आपल्याला सैनिक समजावं या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरणं हा आपल्या कायद्यात गुन्हा आहे. सध्याच्या तुकड्यांची आणि हुद्द्यांची चिन्हं लावूच नका. ऐतिहासिक किंवा स्वतःची कल्पना लढवलेली चिन्हं घ्या, ती दिसतातही जास्त चांगली.

चित्र

साहित्य मोजकं लागतं. लवचीक ॲक्रिलिक लेदर पेंट (अँजेलससारखे ऑनलाइन मिळतात), ॲसिटोन, पांढरा सुती बोळा, मऊ सिंथेटिक ब्रश (चपटे ६ आणि १२ मिमीचे, गोल ० आणि २ नंबरचे), बटर पेपर, टाल्कम पावडर आणि ॲक्रिलिक फिनिशर (रंगावरून द्यायचा संरक्षक थर). पाठीवरच्या १२ बाय १० इंचांच्या चित्राला तीन हातांत (थरांत) मिळून १० ते १५ मिली पांढरा लागतो. म्हणजे ३० मिलीची एक बाटली भरपूर झाली, बाकीचे रंग त्याहून लहान घ्या. अप्पा बळवंत चौकात मिळणारे साधे ट्यूबमधले ॲक्रिलिक वापरायचे असतील तर त्यांत फॅब्रिक मीडियम घालावंच लागतं: दोन भाग रंग, एक भाग मीडियम. नुसता ट्यूबचा रंग सुकून ताठ होतो आणि पहिल्यांदा जॅकेटची घडी घातली की जाळीसारखा फुटतो.

पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून अक्षरं काढून घ्यायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते, आणि ती वाईट नाही. त्यांचा हात आपल्यापेक्षा शंभरपट बसलेला असतो. पण त्यांचा इनॅमल रंग चामड्यावर नको. तो पत्र्यासाठी असतो, पत्रा वाकत नाही. रंग आपण द्यायचा, हात त्यांचा.

*थर उतरवणं.* हे काम आराखडा छापल्यावर करायचं, आधी नाही. ॲसिटोनने पुसलेली जागा निस्तेज होते. चित्राच्या बाहेरपर्यंत पुसलं तर चित्राभोवती फिकट वलय राहतं आणि ते पॉलिशने पूर्ण जात नाही. म्हणून आधी आराखडा, मग आराखड्याच्या एक मिलिमीटर आत राहून पुसायचं.

आराखडा उतरवायला भरतकामवाल्यांची खाक्याची पद्धत सगळ्यात उत्तम. बटर पेपरवर चित्र काढा, कागद उलटा मऊ कापडावर ठेवा आणि रेघेवर दीड-दोन मिलिमीटरच्या अंतराने सुईने टोचत जा. मग कागद जॅकेटवर पट्टीने पक्का करा. कापडाच्या पुरचुंडीत टाल्कम पावडर बांधून ती हलकेच थोपटा. घासू नका, थोपटा. रांगोळीच्या छाप्यावर रांगोळी घासली की ती ठिपक्यांच्या बाहेर पसरते, तसंच इथेही होतं. कागद एका कडेने सरळ वर उचला. गडद चामड्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रेघ उमटलेली दिसेल. ती फुंकरीनेही जाते, म्हणून लगेच अणकुचीदार पांढऱ्या पेन्सिलने जोडून घ्या. कापडावर खाका छापताना खडूच्या भुकटीत रॉकेल घालतात, ते चामड्यावर अजिबात नको, तेलकट डाग राहतो. बॉलपेनही नको. त्याची शाई रंगाच्या थरांतून हळूहळू वर येते, आणि पांढऱ्या रंगावर जांभळी रेघ दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता ॲसिटोन. खिडक्या उघड्या, गॅस बंद, उदबत्तीसुद्धा विझवा. त्याची वाफ झटकन पेट घेते. बोळा भिजवायचा नाही, ओलसर करायचा. एकाच दिशेने हलका हात फिरवा, बोळा बदला, पुन्हा फिरवा. बोळ्यावर जॅकेटचा रंग थोडा आला आणि जागेची चकाकी गेली की थांबा. जोर देऊन घासलं तर कातड्याचा वरचा दाणाच निघतो आणि ती जागा सुएडसारखी खरखरीत होते. रेक्झिन किंवा पी.यू. असेल तर ॲसिटोन लावूच नका, वरचा थर विरघळून चिकट होतो. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलने नुसतं पुसून घ्या.

*हात.* तपकिरी चामड्यावर पिवळा किंवा लाल थेट लावला तर तो मातकट दिसतो, कारण हे रंग पारदर्शक असतात. सगळ्या उजळ भागांखाली आधी पांढऱ्याचे दोन ते तीन हात द्या. रंगात पाणी घालून तो दुधासारखा वाहता करा, दहाएक टक्के पाणी पुरतं. पहिला हात बघून निराशा होईल: पट्टेपट्टे, खालचं तपकिरी दिसणारं. तसाच हवा. तो झाकायला म्हणून जाड थर दिला की तोच पुढे तडकतो. दोन हातांमध्ये १५ ते ३० मिनिटं. पुण्यात एप्रिलमध्ये दहा मिनिटांतही सुकतो. जुलैच्या पावसात तासभर लागला तरी नवल नाही, तेव्हा घाई करू नका. खालचा थर ओला असताना वरचा दिला तर ब्रश खालचाच ओढून आणतो आणि गोळे पडतात. केस वाळवायचा ड्रायर चालेल, पण मंद गरम आणि हातभर लांबून.

मोठे सपाट भाग आधी, सावल्या नंतर, बारीक रेघा शेवटी. बाह्यरेषेला शुद्ध काळ्यापेक्षा काळा आणि तपकिरी मिसळलेला रंग घ्या, जुन्या जॅकेटच्या जवळ जातो. महायुद्धातल्या वैमानिकांच्या पाठीवर बॉम्बच्या चित्रांच्या रांगा दिसतात, प्रत्येक मोहिमेमागे एक. तसल्या ठरावीक आकारांसाठी पातळ प्लॅस्टिकच्या फायलीचा स्टेन्सिल कापा आणि रंग ब्रशने न ओढता स्पंजच्या तुकड्याने टिपून लावा. स्पंज जवळजवळ कोरडा हवा. ओला असला तर रंग कडेखाली शिरतो.

रंग झाल्यावर २४ तास थांबा. मग चित्राचा एखादा कोपरा हलकेच दुमडून सोडा. घडीवर पांढरी रेघ उमटून विरून गेली तर ठीक. तशीच राहिली तर थर जाड झालाय. तो भाग ॲसिटोनने काढून पुन्हा पातळ हातांनी भरावा लागेल. सगळं ठीक असेल तर फिनिशरचे दोन पातळ हात द्या. मॅट घ्या. चकचकीत फिनिशर चामड्यावर स्टिकर लावल्यासारखा दिसतो. हार्डवेअरच्या दुकानातला क्लिअर लॅकरचा स्प्रे वापरायचा मोह टाळा, तो ताठ होतो आणि पिवळा पडतो. शिवणकामाला हात लावण्याआधी एक आठवडा जाऊ द्या. रंग वरून सुकला तरी आतून पक्का व्हायला तेवढा वेळ घेतो, आणि त्याआधी मशीनचा पाय त्यावरून गेला तर रेघ उमटते.

भरतकाम

आमचं मत सरळ आहे: तयार जॅकेटच्या चामड्यावर थेट भरतकाम करू नका. भरतकाम कापडावर करा आणि ते पॅच म्हणून लावा.

कारण टाक्यांच्या गणितात आहे. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीत साटीन टाक्याच्या (शेजारीशेजारी दाट भरलेल्या टाक्यांच्या) दोन ओळींत साधारण ०.४ मिमी अंतर असतं. कापड ते सोसतं, धागे बाजूला सरकून सुईला वाट देतात. चामड्यात प्रत्येक ठिकाणी भोकच पडतं. साटीनच्या दोन्ही कडांना भोकांची सलग रांग तयार होते आणि तिथून चामडं फाटतं. ‘ठ’ किंवा ‘ध’ लिहिला तर आतला पोकळ गोल कात्रीने कापल्यासारखा सुटून हातात येतो. शाळांच्या गणवेशावर बॅज काढणाऱ्या दुकानात जॅकेट दिलं की हेच होतं. चूक त्यांची नसते, त्यांची फाइल कापडासाठी बनवलेली असते.

तरीही थेट हवंच असेल तर जॅकेट शिवायला देतानाच पाठीचा तुकडा जोडण्याआधी करून घ्या. डिजिटायझिंग करणाऱ्याला, म्हणजे चित्राची मशीनसाठी फाइल बनवणाऱ्याला, सांगायचं: घनता कमी, ओळींतलं अंतर ०.५ ते ०.६ मिमी, साटीन कमीत कमी, शक्यतो मोकळी बाह्यरेषा. सुई ७५/११, टोकदार. वेग मिनिटाला ५००-६०० टाके. चामडं रिंगमध्ये आवळायचं नाही, रिंगचा वळ कायमचा राहतो. रिंगमध्ये न फाटणारं बॅकिंग (मागचं आधाराचं कापड) ताणायचं आणि चामडं त्यावर चिकटवून वरच्यावर ठेवायचं.

पॅचसाठी पुण्यात फार चांगली सोय आहे, फक्त ती आपण लग्नाच्या ब्लाऊजपुरतीच वापरतो. आरीवर्क करणारे कारागीर आणि मावशी जवळपास प्रत्येक पेठेत आहेत. अड्ड्यावर (लाकडी चौकटीवर) ताणलेल्या मखमलीवर किंवा जाड फेल्टवर त्या दबका, कोरा, नक्षी अशा जरीच्या तारा वापरून पंख, तारा, गरुड असं काहीही भरू शकतात. नमुना मूळ मापात छापून न्या आणि बाहेर चारी बाजूंनी एक सेंटिमीटर मोकळं कापड ठेवायला सांगा; शिवायला ते लागतं. आरी हे नावच मुळात चांभाराच्या टोच्याचं. कच्छच्या ‘मोची भरत’ नावाच्या भरतकामात चामड्यावरची ती आकडी कापडावर आली. आता तीच कापडावरून पुन्हा चामड्यावर जातेय.

हे नवीनही नाही. दुसऱ्या महायुद्धात आसामातल्या धावपट्ट्यांवरून हिमालय ओलांडून चीनमध्ये सामान नेणाऱ्या अमेरिकी वैमानिकांची चिन्हं भारतातल्या बाजारांत स्थानिक कारागिरांनी बनवली. चीनचा सूर्य, भारताचा तारा आणि खाली लाल-पांढरे पट्टे असलेली ती ढाल कधी जरीत भरलेली, कधी रंगीत चामड्याचे तुकडे एकमेकांवर शिवून केलेली असे. ही चामड्याची पद्धत आजही घरी जमण्यासारखी आहे आणि पावसाला जरीपेक्षा कितीतरी टिकाऊ. जरीचा पॅच लावलात तर पैठणीसारखा जपावा लागेल: अत्तर नाही, घाम नाही, पाऊस तर नाहीच.

अस्तर उघडणं

पॅच अस्तरासकट शिवला की दोन गोष्टी होतात. अस्तर ओढलं जाऊन आतून चुण्या पडतात, आणि डाव्या छातीचा आतला खिसा शिवला जातो. दुकानातून आलेल्या जॅकेटात मोबाईल ठेवायला गेलात आणि हात आत जाईना, तर झालंय ते हेच.

अस्तर उघडायची उत्तम जागा म्हणजे बाहीच्या अस्तराची लांब शिवण. आतून चाचपून बघा. पुष्कळदा एका बाहीच्या अस्तरावर वरून मारलेली एक टीप दिसते. कारखान्यात जॅकेट सरळ केलं ते तिथूनच. ती २५ ते ३० सेंटिमीटर उसवा आणि त्या तोंडातून जॅकेटची हवी ती बाजू बाहेर ओढा. अशी टीप नसेल तर खालच्या कडेला अस्तर जिथे जोडलंय तिथे उसवा. उसवताना ब्लेड अस्तराकडे धरा, चामड्याकडे नाही. अस्तर कापलं गेलं तर रफू होतं.

पॅच शिवणं

इस्त्रीने चिकटणारे पॅच मिळतात. मागचा तो गोंदाचा थर विसरून जा. तो वितळायला लागणाऱ्या उष्णतेत चामड्याचा फिनिश आधी वितळतो आणि कातडं आक्रसतं.

मशीन कुठलं? मऊ मेंढीच्या जॅकेटला घरचं उषा मशीन एक-दोन पॅचपुरतं पुरतं. जाड चामड्यासाठी वरूनही पुढे ओढणारा पाय असलेलं मशीन लागतं आणि ते बॅगा शिवणाऱ्यांकडे किंवा नाना पेठेत गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्यांकडे सापडतं. सीटवाल्यांकडे गेलात तर बोलून घ्या, कारण त्यांच्या मशीनवर रेक्झिन आणि फोमसाठी जाड सुई चढवलेली असते. “काका, सोळा नंबरची सुई लावा, टाका मोठा ठेवा, आणि शेवटी उलट टीप मारू नका,” ही तीन वाक्यं काम वाचवतात. आधी चामड्याच्या टाकाऊ तुकड्यावर दोन इंच टीप मारून दाखवायला सांगा.

सुईचं टोक हा बारकावा आहे. चामड्याच्या सुईचं टोक पातीसारखं असतं, ते कापत जातं. जाड चामड्याला ते हवंच. पण भरलेल्या पॅचवर तेच टोक भरतकामाचे धागेही कापतं. म्हणून मऊ पातळ चामड्यावर कापडाचा पॅच असेल तर साधी टोकदार ९०/१४ची सुई घ्या. जाड चामड्यावर १००/१६ची चामड्याची सुई, आणि टीप पॅचच्या काठाच्या खोबणीत, भरावाच्या बाहेर. प्रत्येक जॅकेटला नवी सुई. बोथट सुई टाके सोडते, आणि सुटलेला टाका पुन्हा मारायचा म्हणजे आणखी एक भोक.

धागा पॉलिस्टर किंवा बॉन्डेड नायलॉन. सुती धागा चामड्याच्या संपर्कात कुजतो. सतत उन्हात फिरणाऱ्याला पॉलिस्टर बरा, नायलॉन उन्हाने लवकर कमजोर होतो.

टाक्याची लांबी ३ ते ३.५ मिमी. दहा सेंटिमीटर व्यासाच्या गोल पॅचचा घेर साधारण ३१ सेंटिमीटर. तीन मिमीच्या टाक्याने त्याला सुमारे १०५ भोकं पडतात. टाका दीड मिमी ठेवला तर २१०, आणि मग तो पॅच पोस्टाच्या तिकिटासारखा, ओढला की कडेने फाटून बाहेर.

टाचण्या लावायच्या नाहीत, त्याही भोकं पाडतात. पॅच जागेवर धरायला फेविकॉल एसआर ९९८ सारखा रबरी चिकट वापरा. पॅचच्या मागे कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत पातळ रेघ, चामड्यावरही तेवढीच. दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोट टेकवलं तर चिकटल्यासारखं वाटावं पण बोटाला काही येऊ नये, ती वेळ. मग पॅच ठेवायचा. एकदा टेकला की सरकत नाही, म्हणून आधी चार दिशांना पावडरीचे ठिपके करून ठेवा. टिपेच्या वाटेत चिकट नको, सुईला लागला की ती चरचरते आणि धागा पिंजतो. फेविक्विक नको. ते काचेसारखं ताठ होतं आणि कडेला पांढरा डाग पाडतं. पॅच जड असेल तर चामड्याच्या मागे पॅचपेक्षा थोडा मोठा सुती कॅनव्हासचा तुकडा ठेवा, टाक्यांचा भार त्याच्यावर जातो.

आता टीप. पायाचा दाब कमी करा, टेफ्लॉनचा पाय असेल तर तो लावा. नसेल तर वरून बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा, नंतर ती फाडून काढता येते. सुरुवात पॅचच्या खालच्या मध्यापासून, नजर तिथे सगळ्यात कमी जाते. पहिले दोन-तीन टाके चाक हाताने फिरवून. वळणावर चामड्याला ढकलायचं नाही: सुई खाली रुतलेली ठेवून पाय उचला, जॅकेट किंचित फिरवा, पाय टेकवा, दोन टाके, पुन्हा तेच. लहान गोल पॅचला हे तीस-चाळीस वेळा करावं लागतं, आणि कंटाळून एकदम फिरवलं की तिथेच कोन पडतो. शेवट सुरुवातीच्या भोकांतच एक-दोन टाके जुळवून करा. उलट टीप मारू नका, त्या जागी भोकांवर भोकं पडून चामडं कापलं जातं. दोन्ही बाजूंना दहा सेंटिमीटर धागा सोडा, वरचा धागा मागे ओढून घ्या, दोनदा गाठ मारा आणि चिकटाचा एक थेंब लावा.

मशीन नसेल तर हाताने होतं. तीन धारांच्या टोकाची चामड्याची सुई घ्या, काट्याच्या चमच्याने किंवा विभाजकाने ३ मिमीच्या खुणा करा, आणि धावदोरा एकदा पुढे, एकदा उलटा मागे, म्हणजे दोन्ही बाजूंना सलग टीप दिसते. जाड चामड्याला भोकं आधी टोच्याने पाडावी लागतात. एका पॅचला दोन-अडीच तास धरा.

अस्तर बंद करणं आणि पुढे

अस्तर बंद करण्याआधी आत हात घालून खिसे मोकळे आहेत का बघा आणि जॅकेट एकदा घालून हात वर-खाली करा. मागच्या गाठी टोचत असतील तर आत्ताच कापडाचा तुकडा चिकटवा. मग बाहीची टीप कडेने बंद करा, मशीनने किंवा लपवलेल्या टाक्याने.

धुवायचं नाही. ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. लेदर क्रीम लावताना चित्र आणि कापडी पॅच वगळा, क्रीम पॅचमध्ये मुरून तेलकट डाग राहतो. जून ते सप्टेंबर पुण्यात कपाटात चामड्याला पांढरी बुरशी येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं तर आणखी लवकर. रुंद हँगरवर, जुन्या सुती चादरीखाली, महिन्यातून एकदा तासभर पंख्याखाली. घडी घालू नका, आणि घालावीच लागली तर चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून, मध्ये गुंडाळलेला टॉवेल देऊन.